आधी जावा म्हणा

टर्मिनलवर फाइल्सची यादी हवी असली की दोन अक्षरं टाइप करायची आणि एंटर दाबायचं. तो प्रोग्राम सी भाषेत लिहिलाय हे आपल्याला ठाऊक नसलं तरी काही अडत नाही. ग्रेप, कर्ल, गिट, सगळ्यांचं असंच. नाव घेतलं की हजर. जावा भाषेतला प्रोग्राम मात्र 'जार' नावाच्या गठ्ठा-फाइलीत येतो. त्याला आधी 'जावा' म्हणावं लागतं, मग उणेचिन्ह लावून 'जार', मग फाइल जिथे ठेवलीय तिथला सगळा पाथ, नावाला चिकटलेला आवृत्तीचा आकडा आणि शेवटी 'डॉट जार'. एवढं झालं की मग आपलं काम सांगायचं.

जार फाइल मुळात या कामासाठी जन्मलीच नव्हती. 1997 साली ती आली ती ॲपलेटसाठी, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या छोट्या जावा प्रोग्रामसाठी: ढीगभर क्लास फाइल्स (प्रोग्रामचे कंपाइल केलेले तुकडे) ब्राउझरने एकेक करून आणण्यापेक्षा एकाच गठ्ठ्यात याव्यात म्हणून. तो गठ्ठा थेट चालवायची सोय 1998च्या 1.2 आवृत्तीत झाली. आतल्या मॅनिफेस्ट फाइलीत, म्हणजे गठ्ठ्याची माहिती देणाऱ्या फाइलीत, 'मेन-क्लास' अशी ओळ असली की सुरुवात कुठून करायची ते जावाला कळतं. ही ओळ हाताने लिहिणाऱ्याने शेवटी एंटर द्यायलाच हवा, नाहीतर ती वाचलीच जात नाही. आणि असं चालवताना क्लासपाथ (क्लास कुठे शोधायचे त्या जागांची यादी) वेगळा दिलात तर जावा तो मुकाट्याने बाजूला सारते. एरर देते ती कुठलातरी क्लास सापडत नाही अशी. खरं कारण आपण शोधायचं.

या सगळ्यावरचा मला सर्वांत आवडलेला उपाय जरा आगाऊ आहे. जार म्हणजे आतून साधी झिप फाइल, आणि झिपची अनुक्रमणिका असते फाइलीच्या शेवटी. त्यामुळे झिप वाचणारा शेवटापासून सुरुवात करतो. शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या आपल्या कमांड्स चालवणारा प्रोग्राम, वाचतो वरून खाली. मग जारच्या डोक्यावर दोन ओळींची शेल स्क्रिप्ट चिकटवायची: पहिली ओळ शेलची ओळख सांगणारी, दुसरी 'एक्झेक' वापरून याच फाइलीवर जावा चालवणारी. फाइलीला एक्झिक्युटेबल परवानगी दिली, नावातलं 'डॉट जार' काढून टाकलं की झाली कमांड तयार. वहीत पुढून गृहपाठ आणि मागून कच्चं काम चालावं, तसे शेल आणि जावा एकाच फाइलीत नांदतात. 'एक्झेक' आल्यावर शेलची जागाच जावा घेते, म्हणून शेल खालच्या बायनरी भागापर्यंत पोहोचतच नाही. स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कनेही अशा स्वतःहून चालणाऱ्या जार बनवायची सोय दिली होती, तेव्हा ही निव्वळ गंमत आहे असंही कुणी म्हणू नये.

लिनक्समध्ये कर्नललाच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यालाच, जार ओळखायला शिकवता येतं, पण त्यासाठी ॲडमिनचे अधिकार लागतात. एवढ्याशा सोयीसाठी कोण कर्नलपर्यंत जाणार?

रोजच्या वापरात मात्र मी चिकटवाचिकटवी करत नाही. जार एका ठिकाणी, आणि शेल जिथे कमांड शोधतो त्या 'पाथ'च्या यादीतल्या एका फोल्डरमध्ये प्रोग्रामच्या नावाची छोटी स्क्रिप्ट. जारची नवी आवृत्ती आली की स्क्रिप्टमधली एक ओळ बदलायची. एलियसनेही, म्हणजे कमांडला दिलेल्या टोपणनावानेही, भागतं, पण तो आपल्या शेलपुरताच. दुसऱ्या स्क्रिप्टमधून हाक मारली तर तो सहसा ओ देत नाही. स्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी विसरू नयेत. एक, तोच 'एक्झेक', म्हणजे बाहेरून आलेला सिग्नल (जसं, थांबायचा इशारा) मधल्या शेलपाशी न अडकता थेट जावाला मिळतो. दुसरी, पुढे पाठवायच्या अर्ग्युमेंट्सभोवती (कमांडच्या पुढे लिहिलेली फाइलींची नावं वगैरे) दुहेरी अवतरणचिन्हं. ती नसली तर नावात स्पेस असलेल्या फाइलीचे दोन तुकडे होऊन आत जातात, आणि प्रोग्राम बिचारा दोन्ही तुकडे शोधत बसतो.

समोरच्याकडे जावाच नसेल तर यातलं काहीच कामाचं नाही. तिथे जेपॅकेज हे जावाबरोबरच येणारं टूल वापरावं. जावा 16 पासून ते पक्कं झालंय आणि प्रोग्रामबरोबर रनटाइमही, म्हणजे तो चालवायला लागणारी जावाही, बांधून देतं. छोट्याशा टूलसाठी मला तो पसारा जड वाटतो, पण ज्याला जावा म्हणजे काय हे जाणूनच घ्यायचं नाही, त्याच्या हातात मी तरी तेच देईन.