ईयोबाच्या घरी भेटायला आलेली माणसं

ईयोब म्हणजे बायबलमधला तो भला माणूस, ज्याची गुरंढोरं, पोरं, तब्येत सगळं एकापाठोपाठ जातं; त्याच्या नावाचं अख्खं पुस्तकच आहे त्यात. ईयोब म्हटलं की आमच्या मंडळीत लगेच धीराची गोष्ट निघते. कुणाच्या घरी मयत झाली की पास्टर हमखास तेच वाचतात, परमेश्वराने दिले आणि परमेश्वराने नेले, आणि सगळे माना हलवतात. पण ते पहिल्याच अध्यायात येतं, त्याच्यापुढं अजून ४१ अध्याय आहेत आणि तिकडं फारसं कुणी फिरकत नाही. माझा धाकटा भाऊ गेला त्यानंतर मी ते सलग वाचून काढले, खानापूरला माहेरीच होते तेव्हा, आईचं जुनं पवित्र शास्त्र घेऊन.

तर तिसऱ्या अध्यायात हा धीराचा माणूस तोंड उघडतो आणि आपण जन्मलो त्या दिवसालाच शाप देतो. आणि तिथं थांबत नाही, पुढं देवालाच म्हणतो की माझ्यावरची नजर काढ, मला आवंढा गिळायला पण सवड देत नाहीस. मी वाचताना दचकलेच. संडे स्कूलात असलं काही बोललं असतं तर कान धरून बाहेर उभं केलं असतं आम्हाला, आणि इथं ते छापलेलं आहे, चर्चमध्ये ठेवलेलं आहे, लग्नात नव्या जोडप्याला भेट म्हणून देतात!

पण मला खरे भेटले ते त्याचे मित्र. अलीफज, बिल्दद, सोफर. हे लांबून येतात, त्याची दशा बघून मोठ्यानं रडतात, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. त्यांनी त्या अख्ख्या पुस्तकात केलेलं चांगलं काम तेवढंच. आठव्या दिवशी उठून गेले असते तर किती बरं झालं असतं. पण नाही, बोलायला लागले, तुझंच काहीतरी चुकलं असेल, देव उगीच कुणाला शिक्षा करत नाही, पश्चात्ताप कर. अध्यायच्या अध्याय हेच.

आमच्याकडंपण आली होती की अशी माणसं. चहाचा कप हातात घेऊन, देवाला चांगली माणसं आधी लागतात, तुमची प्रार्थना कमी पडली असेल, देवाच्या मनात काहीतरी असणारच. मनानं वाईट नव्हती कुणीच, पण सगळ्यांना देवाची वकिली करायची घाई. आणि शेजारचे आप्पा, पक्के वारकरी, गळ्यात तुळशीची माळ, ते रोज संध्याकाळी यायचे, कट्ट्यावर बसायचे, "येतो गं" म्हणून जायचे. बायबल त्यांनी जन्मात उघडलं नसेल.

शेवटच्या अध्यायात देवाचा राग निघतो तो या वकिलांवर. अलीफजाला सरळ सांगतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. म्हणजे भांडणारा बरोबर, आणि बाजू घेणारे चूक! तिथंच माझा विश्वास, जो काय उरला होता तो, थोडा सावरला असं म्हणायला हरकत नाही. नाहीतर त्याच्या आधी चार अध्याय देव ईयोबाच्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही, रानबकऱ्या कधी वितात माहितीय का, शहामृग बघितलास का, लिव्याथानाला, म्हणजे समुद्रातल्या त्या अक्राळविक्राळ जनावराला, गळ टाकशील का, असले उलटेच प्रश्न विचारतो. त्या प्रश्नांपुढं ईयोब गप्प झाला. मी काही झाले नाही.

कारण शेवट मला अजून पटत नाही. ७००० मेंढरांची १४००० होतात, ३००० उंटांचे ६०००, बैल आणि गाढवी पण दुप्पट. पोरं मात्र आधी दहा होती, परत दहाच. नव्या तीन मुलींची नावं दिलीत, आणि बापानं त्यांना भावांच्या बरोबरीनं वतन दिलं म्हणे. (आमच्या भागात बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतात त्यांनी हे वचन एकदा वाचावं.) पण घर कोसळून मेली त्या पहिल्या दहांचं काय? पास्टरांना विचारलं तर म्हणाले, ती देवाजवळ जिवंतच आहेत, म्हणून तर दुप्पट दिली नाहीत, दहा वर आणि दहा खाली. हिशोब जुळतो. मला काय हिशोब नको होता.

आईला हे सगळं सांगत होते, ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आणि त्याची बायको गं? दहा पोरं तिचीपण गेली की. परतची दहा तिचीच असतील तर ती पण तिनंच काढली. तिला कोण भेटायला आलं होतं का?"

दुसऱ्या अध्यायात बायको एकदाच बोलते, ते पण नवऱ्याचं बोलणं खायला. नाव दिलेलं नाही. मी परत पहिल्यापासून बघितलं, तिच्याकडं कुणी आल्याचं लिहिलेलं नाही.