बुवांचा सिनेमा अडला कुठे
मी लाईन प्रोड्युसर, म्हणजे लोकेशन, परमिशन, जेवणं, जनरेटर सगळं माझ्या गळ्यात, पण त्या दिवशी देवगडात मी सह्या गोळा करत फिरत होतो. सिनेमा एका भजनी बुवांवर, नाव नाही लिहीत. आवाज असा की डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, पहाटेपर्यंत माणूस जागचा हलायचा नाही, आणि जीभ अशी की समोरच्या बुवाच्या घरादाराचा उद्धार भजनाच्या गजरातनं. दारू, दुसरं घर, मारामारीची केस, सगळं होतं.

फायनान्सर मूळचा कणकवलीकडचा, धंदा मुंबईत. त्याचं एकच, घरच्यांची एनओसी आणि गाणी हातात आल्याशिवाय पैसे नाही. वकील सांगून दमला की सुप्रीम कोर्टाच्या 1994 च्या ऑटो शंकर निकालाप्रमाणे पब्लिक रेकॉर्डवरच्या गोष्टींना परवानगी लागत नाही, तर हा म्हणतो केस जिंकेपर्यंत माझं व्याज कोण भरणार? खरंय त्याचं. सरकारी अनुदान तर सिनेमा पूर्ण झाल्यावर, त्यावर आत्ता डिझेल येत नाही. गाण्यांचं आणखी वेगळं, शब्द आणि चालीचा हक्क बुवा गेल्यापासून 60 वर्षं वारसांकडे आणि कॅसेटचं रेकॉर्डिंग कंपनीचं. अमेरिकन गिटारवाला जिमी हेंड्रिक्स, त्याच्यावरचा सिनेमा त्याच्या गाण्यांशिवायच काढावा लागला होता, हे डायरेक्टरने धीर द्यायला सांगितलं, फायनान्सरचा चेहरा अजूनच पडला.

मुलगा सही द्यायला तयार, फक्त दुसरं घर काढा. दारूचं काय विचारलं तर म्हणे, "ती र्‍हवांदे, सगळ्यांकच म्हायती आसा."

दुपारी प्रतिस्पर्धी बुवांकडे गेलो. आमच्या बुवांनी ह्यांना आयुष्यभर शिव्या घातलेल्या, त्यामुळे बदनामीची नोटीस येणार ती इथूनच अशी आमची खात्री. म्हातार्‍याने सोलकढी दिली, गाजलेल्या बारीचा सीन वाचून घेतला आणि भडकला. "ह्यां काय? पाणी घातलात मा! तो माझ्या बापाशीर गेललो, ता खंय आसा? आणि माझा उत्तर?" शिव्या पूर्ण हव्यात आणि त्या रात्री ते जिंकले असं दाखवायचं, तरच सही. रेकॉर्डिंग नाही त्या बारीचं, अर्धा गाव एक सांगतो अर्धा दुसरं.

मुलाला फोन लावला. बाबा हरलेले दाखवणार असाल तर आमची सही विसरा. मग दुसरं घर ठेवलं तर चालेल का, असं मी आपलं विचारून बघितलं (धंदाच तो आमचा), तर गप्प बसला आणि म्हणाला आईला विचारून सांगतो.

डायरेक्टर म्हणाला निकाल दाखवूच नको, त्याच्या आधीच कट. फायनान्सरने प्री-प्रॉडक्शनपुरता चेक फाडला, बाकीचे दोन्ही सह्या आल्यावर. मे संपायच्या आत शूट नाही झालं तर पाऊस, मग थेट दिवाळीनंतरच.