आमचा टार्टन कोणता?

मी एडिनबरात किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा घागरा, शिवणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम करते, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आमचा टार्टन, म्हणजे घराण्याचा चौकड्याचा नमुना, कोणता, हे कसं कळतं? गिऱ्हाइकं विचारतात, त्यातली बरीचशी कॅनडा-ऑस्ट्रेलियाहून पणजोबांचं आडनाव घेऊन आलेली असतात. हल्ली पुण्या-ठाण्याहूनही फोन येतात. कुणाच्या मुलीचं ॲबर्डीनच्या मुलाशी जमलेलं असतं, व्याह्यांनी हौसेनं सांगितलेलं असतं की लग्नात तुमच्याकडच्या पुरुषांनीही किल्ट घाला, आणि देशपांड्यांनी कुठला टार्टन घालायचा यावर घरात खल चाललेला असतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून काढते.

माझं उत्तर असं, की आधी घरातलं माणूस ठरवा, मग टार्टन.

दुकानांत आडनावांचे तक्ते असतात. आपलं आडनाव शोधायचं, त्यापुढे क्लॅनचं, म्हणजे स्कॉटिश कुळाचं, नाव, क्लॅनपुढे टार्टन. तक्ता जरूर बघा, पण त्यावर विसंबू नका. हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात, आडनाव आणि रक्त यांचा मेळ बसेलच असं नाही. मॅक्ग्रेगरांचंच बघा. 1603 साली स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याच्या राजवटीत हे आडनाव लावायलाच बंदी आली. लावलं तर देहदंड. मग कुणी कॅम्पबेल झालं, कुणी ड्रमंड, कुणी मरे, कुणी ग्रँट. प्रसिद्ध रॉब रॉय मॅक्ग्रेगरसुद्धा आईकडचं कॅम्पबेल नाव लावायचा. बंदी मध्ये काही वर्षं उठली, पुन्हा लागली, आणि कायमची गेली ती 1774 साली. तोवर कितीतरी पिढ्या दुसऱ्याच नावानं जगल्या, आणि पुष्कळांनी तेच नाव पुढे चालवलं. त्यामुळे समोर ड्रमंड आडनावाचा माणूस उभा राहिला की मी त्याला आजोळ विचारते, आजीचं गाव विचारते. घरात काय सांगत आले आहेत, तेही विचारते.

दुसरी गोष्ट ऐकून काही जणांचा चेहरा उतरतो, तरी मी ती सांगतेच. एकेका क्लॅनचा ठरलेला टार्टन ही प्रथा जेमतेम दोनशे वर्षांची आहे. चौकड्याचं कापड मात्र फार जुनं. फॉल्कर्कजवळ नाण्यांनी भरलेल्या मडक्याच्या तोंडाशी कोंबलेला तुकडा तिसऱ्या शतकातला आहे. पण 16 एप्रिल 1746 ला कलोडनच्या माळावर जी लढाई झाली, तिथे जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या बाजूचा, माणूस ओळखू यायचा तो टोपीवरच्या पांढऱ्या फितीमुळे, टार्टनमुळे नव्हे. त्या काळातल्या चित्रात एकाच हायलँडरच्या अंगावर दोन-तीन वेगवेगळे चौकडे दिसतात. क्लॅनची खूण म्हणून टोपीत डहाळी खोवत: मॅक्डोनल्डांचं हेदर, मॅक्ग्रेगरांचं पाइन. मराठा घराण्यातल्या कुणाला हे फार समजावावं लागत नाही. देवक म्हणजे काय ते त्यांना ठाऊक असतं.

कलोडननंतर कायदा करून पुरुषांना हायलँडचा पोशाख बंद केला, तो थेट 1782 पर्यंत. सैन्याला तेवढी सूट होती, आणि म्हणूनच आजचे कितीतरी ‘घराण्याचे’ टार्टन पलटणीतून आलेले आहेत. हे कापडावरच बघता येतं. टेबलावर ब्लॅक वॉच या पलटणीचा टार्टन पसरा: निळा, काळा, हिरवा. त्याच चौकड्यात एक पिवळी रेघ आली की झाला गॉर्डन. 1793 साली हंटलीचा विणकर विल्यम फोर्साइथ यानं ड्यूक ऑफ गॉर्डनला एक, दोन आणि तीन पिवळ्या रेघांचे नमुने पाठवले, त्यातला एकरेघी पसंत पडला. पिवळीच्या जागी पांढरी आणि लाल रेघ आली की मॅकेन्झी. हा 78व्या हायलँडर्सचा टार्टन. ही पलटण सप्टेंबर 1803 मध्ये आपल्या जालन्याकडच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर लढली आणि पुढे असईचा हत्ती बिल्ल्यावर मिरवू लागली. मॅकेन्झीचा ताका उलगडला की मला दर वेळी असई आठवते.

बाकीचं काम विणकरांनी आणि हौशी लोकांनी केलं. बॅनकबर्नचे विल्सन नमुन्यांना आकडे देत, मग हळूहळू नावं देऊ लागले. 1815 साली लंडनच्या हायलँड सोसायटीनं क्लॅनप्रमुखांना कळवलं की आपापल्या टार्टनचा नमुना मोहोर करून पाठवा. 1822 मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिनबरात आला तेव्हा ज्याला त्याला आपला टार्टन हवा झाला. त्यानंतर सोबिएस्की स्टुअर्ट नावाच्या दोघा भावांनी सोळाव्या शतकातलं हस्तलिखित हाती लागल्याचं सांगून 1842 साली टार्टनांचा एक ग्रंथ छापला. हस्तलिखित बनावट होतं. त्यातले टार्टन मात्र लोक आजही घालतात.

लुईस बेटाच्या मॅक्लाउडांचा पिवळाधमक, काळ्या चौकड्यांचा टार्टन त्यातलाच. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या, मुलाच्या लग्नासाठी किल्ट शिवायला. वडिलांचं आडनाव तक्त्यात होतं, पण ते बोलता बोलता बाजूला पडलं. त्यांना वाढवलं आईच्या आईनं, ती लुईसची मॅक्लाउड, आणि तिच्या खांद्यावर थंडीत हीच पिवळी शाल असायची. बाईंनी ताक्यावर हात ठेवला आणि मग दुसरं काही दाखवायची गरजच उरली नाही. चौकडा कुणी एकोणिसाव्या शतकात रचला असेल. आजीच्या अंगावर तो होता, नातीनं तो पाहिला, हे कुठल्याही बनावट हस्तलिखितानं खोटं होत नाही. वारसा म्हणायचं तर मी यालाच म्हणते.

रंगांच्या नावांनी गोंधळू नका. एन्शन्ट म्हणजे जुना टार्टन नव्हे. तोच चौकडा फिकट, वनस्पतींच्या रंगांसारख्या छटांत विणलेला. मॉडर्न म्हणजे गडद. दोन्ही त्याच घराण्याचे.

आता देशपांड्यांचं. स्कॉटलंडशी रक्ताचं नातं नसेल तर टार्टन घालता येत नाही, असा नियम कुठेही नाही. राजघराण्यानं राखून ठेवलेला बॅल्मोरल सोडून द्या. बाकी कुणी अडवत नाही. तरी माझा आग्रह असतो की आधी व्याह्यांना विचारा. त्यांच्या घराण्याचा टार्टन तुम्ही घालावा असं ते म्हणाले तर तो मोठा मान आहे, आनंदानं घाला. तसं नसेल तर ब्लॅक वॉच किंवा गावाचा, प्रांताचा टार्टन घ्या. ॲबर्डीनला स्वतःचा आहे. आणि जोडप्याला नवाच हवा असेल तर तोही मार्ग आहे. टार्टनांची सरकारी नोंदवही 2009 पासून चालू आहे, तिथे नवा चौकडा रीतसर नोंदवता येतो. स्कॉटलंडमधल्या शीख मंडळींचा सिंग टार्टन आहेच.

ठरलं की हातभर नमुना मागवा आणि खिडकीशी, दिवसाच्या उजेडात धरून बघा. दिव्याखाली निळा आणि काळा एक होतात. माप देतानाच सांगा की मागच्या चुण्यांत अख्खा चौकडा जुळलेला हवा की पलटणीसारखी एकच रेघ पुढे यायला हवी. आठ यार्ड कापड एकदा हातानं चुण्यांत शिवून झालं की ते बदलायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं उसवावं लागतं.