घरातून गेला, काउंटरमागं बसला

घरासाठी डेस्कटॉप, म्हणजे टेबलावरचा कॉम्प्युटर, घ्यायला आता कोणी येत नाही. परभणीत माझं असेंबल आणि रिपेअरिंगचं दुकान आहे. आधी दहावीचा निकाल लागला की पोरगं एमएस-सीआयटीला आणि बाप माझ्याकडं, "पोराला एक कॉम्प्युटर बसवून द्या, गेम तेवढे टाकू नका" एवढीच अट. मग तो डबडा मॉनिटर, त्याच्यावर घरी शिवलेलं कव्हर, लाईटचा भरोसा नाही म्हणून यूपीएस, आणि पाहुणे आले की सगळ्यांना दाखवायचं. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि बघता बघता हे सगळं घरातून उठलं. जगाचंही तसंच चालू होतं, नेटचा वापर मोजणाऱ्या स्टॅटकाउंटर कंपनीच्या आकड्यात ऑक्टोबर २०१६ मधी मोबाईल-टॅबलेटवरून नेट वापरणं पहिल्यांदा डेस्कटॉपच्या पुढं गेलं (आणि त्यांच्या हिशोबात लॅपटॉप बी डेस्कटॉपमधीच धरतात, म्हणजे बघा).

तवापासून लोक मला म्हणायलेत, आता मोबाईल रिपेअरिंग शिक, हे संपलं. पण दुकान चालूच आहे, गिऱ्हाईक तेवढं बदललं. आता मोंढ्यातले आडतवाले येतात, टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, बंद पडली की त्यांचा जीव वरखाली. फ्लेक्सवाले येतात डिझाईनचं कोरलड्रॉ हँग होतंय म्हणून, लग्नाचे अल्बम करणारे स्टुडिओवाले येतात, सेवा केंद्रवाले तर कायमचेच. यातलं एकेक काम मोबाईलवर होत नाही असं नाही, होतं, पण दिवसभर होत नाही. एकीकडं मालाची आवक, दुसरीकडं शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या काढायच्या, त्यात मधीच कोणाची उधारी बघायची, हे अंगठ्यानं करून दाखवा मला.

आणि सेवा केंद्रावर जाऊन बघा एकदा, पीकविम्याच्या नाहीतर ॲडमिशनच्या शेवटच्या तारखेला. लाईनीत उभा असलेल्या प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन आहे, कोणाकोणाचा तर आतल्या कॉम्प्युटरपेक्षा महाग, तरी तो उन्हात उभा आहे. का, तर फोटो ५० केबीच्या आत पाहिजे, सहीचा वेगळा, सातबारा पीडीएफमधी, आणि मोबाईलवर तो फॉर्म अर्ध्यातच आडवा-तिडवा होतो. डेस्कटॉप मेला मेला म्हणतात तो असा काउंटरच्या पलीकडं जाऊन बसलाय, आधी आपला होता आता दुसऱ्याचा, आणि दर फॉर्मला पैसे मोजून आपण त्याच्याकडून काम करून घेतो.

स्टीव्ह जॉब्स २०१० ला म्हणाला होता की पीसी ट्रकसारखे होतील, देश शेतीवर होता तेव्हा सगळ्या गाड्या ट्रकच असायच्या, मग शहरं वाढली आणि कार आल्या. ठीक आहे, पण आमच्याकडं अजून शेतीच आहे ना राव!

मला खरी काळजी पोरांची वाटते. एमएचटी-सीईटी कॉम्प्युटरवर, जेईई मेन कॉम्प्युटरवर, लातूर-नांदेडला क्लासला लाखांनी फी भरायची आणि पोरगं माऊस धरतंय ते थेट मॉक टेस्टला. कारकुनाच्या भरतीला आजबी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं टायपिंगचं सर्टिफिकेट मागतात, तिथं व्हॉट्सॲपचा स्पीड कामाचा नाही. ही पोरं हुशार आहेत, रील एडिट करून दाखवतील तुम्हाला दोन मिनिटांत, पण फाईल कुठं सेव्ह झाली विचारलं की "गॅलरीत असंल" म्हणतात. फोल्डर म्हणजे काय हेच कधी लागलं नाही त्यांना, चूक त्यांची नाही.

मोबाईलच मॉनिटरला जोडून कॉम्प्युटर करायचं हे बी जुनंच आहे, २०११ ला मोटोरोलानं त्यासाठी ॲट्रिक्स फोन आणला, २०१७ ला सॅमसंगनं डेक्स नावाची सोय. चालतं छान. पण मॉनिटर, कीबोर्ड, माऊस घ्यावाच लागतो, मग कॅबिनेटचा डबा तेवढा वाचवून काय मिळालं, आणि मधीच मामाचा फोन आला की काम थांबलं. उलट वाट जास्त चालली असं मला वाटतं, ॲपलनं २०२० ला मोबाईलच्या जातीची एम१ चिप मॅकमधी घातली, टेबलावर मशीन तशीच, आत डोकं मोबाईलचं. मोठं कॅबिनेट पुढं गेमर आणि व्हिडिओवाल्यांकडंच राहील, काउंटरवर मॉनिटरच्या मागं चिकटवलेला मिनी पीसी येईल. यायलाच लागलेत. फक्त आमच्या धुळीत आणि व्होल्टेजमधी मोठा डबा बरा, एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय, उडाला तर तेवढा बदलला की झालं, मोबाईल उघडून बघा म्हणजे कळंल.

त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय पाहिजे, इंटेलचा प्रोसेसर आठव्या जनरेशनचा नाहीतर त्याच्या पुढचा पाहिजे, म्हणून चांगल्या चालत्या मशिनी लोक भंगारात काढायलेत. मला तर हा आडमुठेपणाच वाटतो. कंपन्यांनी काढलेले तसले सेकंडहँड डेस्कटॉप बाजारात स्वस्तात मिळतात, ८ जीबी रॅम, एसएसडी टाकली, विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स चढवलं की अभ्यासाला आणि टायपिंगला काही अडत नाही. टॅली विंडोजसाठीच बनलेली, म्हणून टॅलीवाल्याला मात्र मी लिनक्स देत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी दुकानासमोर उभा राहील तो.

तर पोरगं आठवी-नववीला असेल आणि टॅबलेट घ्यायचा विचार चालू असेल तर आधी असलं एखादं मशीन बघा, कीबोर्ड तेवढा नवा घ्या. प्रिंटर नका घेऊ, घरात पडून इंक वाळते, प्रिंटसाठी सेवा केंद्रवाला आहेच.