तासिका इस्लामची, शाळा कोलंबोची

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी मागवल्यात खऱ्या, पण लग्नानंतर श्रीलंकेत आल्यापासून मला आपली रत्नागिरीकडची शाळा आठवते ती मुलाचं दप्तर भरताना.

आपल्याकडे धर्म शाळेबाहेर असायचा. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजानंतर मोहल्ल्यातल्या मदरशात सिपारा, म्हणजे कुराणाचा भाग, मग न्याहरी, मग शाळा. इथे 'इस्लाम' गणितासारखाच विषय आहे. सरकारने छापलेलं फुकट पुस्तक, सरकारी पगारावरचे मौलवी आणि ओ लेव्हलला, म्हणजे इथल्या दहावी-अकरावीच्या परीक्षेला, धर्माचा पेपर सक्तीचा. बौद्ध मुलांना बौद्ध धर्म, हिंदूंना शैव, ख्रिश्चनांना त्यांचा. 2012 च्या जनगणनेत बौद्ध 70 टक्के आणि मुसलमान 10 टक्क्यांहूनही कमी, तरी मुस्लिम सरकारी शाळांना रमजानभर सुट्टी! रोजा धरून कवायतीला उभ्या राहिलेल्या मला याचा हेवाच वाटला.

हे आयतं मिळालेलं नाही. मिशनरी शाळांच्या धास्तीने मुलं घरी ठेवणाऱ्या समाजाला कँडीचे वकील सिद्दी लेब्बे यांनी इंग्रजी शिक्षणाकडे वळवलं. इजिप्तहून हद्दपार होऊन आलेल्या अराबी पाशांनीही जोर लावला, आणि 1892 मध्ये कोलंबोत झाहिरा ही मुसलमान मुलांची शाळा उभी राहिली. इथले बहुतेक मुसलमान आम्हा कोकणी मुसलमानांसारखेच शाफई, म्हणजे नमाज-रोज्याचे नियम सांगणाऱ्या एकाच पंथाचे. त्यामुळे मुलाचा नमाजाचा धडा मला पाठच होता, फक्त तो समजावतात तमिळमध्ये.

पण मुस्लिम शाळेत शिकणाऱ्या माझ्या मुलाला एकही सिंहली मित्र नाही. बौद्धांचा पौर्णिमेचा पवित्र दिवस, पोया, म्हणजे सुट्टी, एवढंच त्याला ठाऊक. 2019 च्या ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनंतर मदरशांकडे संशयाने बघितलं जाऊ लागलं, तेव्हा हे अंतर मला फार टोचलं. आपल्या शाळेत मी पाठांतर स्पर्धेत अभंग म्हणायचे. मदरशात घोटून घेतलेले उच्चार तिथे कामी यायचे आणि मराठीचे सर खूश व्हायचे. दोन्हीकडची तालीम एकाच जिभेवर, ही चैन त्याच्या वाट्याला नाही.

आता त्याला मिश्र शाळेत घालावं असा माझा हट्ट आहे. मुस्लिम मुलं पुरेशी असली की इस्लामची तासिका तिथेही असते. सासूबाईंचं म्हणणं, तिथे रमजानची सुट्टी मिळणार नाही. चिरंजीव अर्थातच आजीच्या बाजूने.