टर्मिनलवर चालतंय, मग रातच्याला क्रॉनमध्ये काहून नाही?

लातूरच्या आडत बाजारात दुकानांची बिलिंगची सिस्टीम सांभाळणारी आपल्याकडची पोरं मला फिरून फिरून एकच गोष्ट विचारतात. दुकानात एक छोटा उबुंटू सर्व्हर असतो, रोज रात्री पोस्टग्रेस या डेटाबेसचा बॅकअप घेणारी शेल स्क्रिप्ट (कमांडची यादी असलेली फाइल) क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या प्रोग्रामला, लावलेली असते, आणि सकाळी बघावं तर फाइल आहे पण शून्य बाइटची. "दादा, टर्मिनलवर तर मस्त चालतंय की, रातच्याला काहून बंद पडतंय?" सोयाबीनच्या सीझनमधला हिशोब असतो राव तो, म्हणून एकदा नीटच लिहून टाकतो.

शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलवर आपल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत असं लिहिलं (मधे स्पेस अजिबात नको, दिली की शेल त्या नावालाच कमांड समजतं) तर ते व्हेरिएबल तेवढ्या शेलपुरतंच राहतं. तिथून चालवलेल्या स्क्रिप्टला ते दिसायचं असेल तर एक्स्पोर्ट करावं लागतं, आणि एक्स्पोर्ट केलं तरी चाइल्ड प्रोसेसला, म्हणजे त्या शेलमधून सुरू झालेल्या प्रोग्रामला, मिळते ती कॉपीच, सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर पेनाने काही खोडलं म्हणून तलाठ्याकडच्या नोंदीत फरक पडत नाही तसं. 1979 च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत बोर्न शेल आलं तेव्हापासून हे असंच आहे.

आता क्रॉन. पोरांनी डेटाबेसच्या पासवर्डचं पीजीपासवर्ड हे व्हेरिएबल बॅशआरसी या बॅश शेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवलेलं असतं, टर्मिनल उघडलं की ती फाइल वाचली जाते आणि पीजीडम्पला, म्हणजे पोस्टग्रेसचा बॅकअप घेणाऱ्या कमांडला, पासवर्ड आपोआप मिळतो. क्रॉन ती फाइल वाचतच नाही. उबुंटूवर क्रॉनच्या हातात असतं ते होम, लॉगनेम, शेल म्हणून नुसतं एसएच, आणि पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, यूएसआर-बिन व बिन, एवढंच साधारण. पासवर्ड नाही, पीजीडम्प पडतो, पण आउटपुटची फाइल शेलने आधीच रिकामी उघडून ठेवलेली असते म्हणून ती शून्य बाइटची दिसते.

मग काहीजण स्क्रिप्टमध्येच बॅशआरसी सोर्स करतात, म्हणजे ती फाइल तिथेच वाचायला लावतात. त्यानेही होत नाही, कारण उबुंटूच्या बॅशआरसीत वरच एक तपासणी आहे, शेल इंटरॅक्टिव्ह नसेल, म्हणजे समोर कमांड टाइप करणारं माणूस नसेल, तर तिथूनच परत फिरायचं, खालचं काही वाचायचंच नाही. शिवाय एसएच म्हणजे तिथे डॅश नावाचं दुसरं साधं शेल, त्याला सोर्स हा शब्दच कळत नाही, नुसतं टिंब द्यावं लागतं.

माझं मत स्पष्ट आहे, स्क्रिप्टने आजूबाजूला काय सेट असेल यावर विसंबूच नये. तिला लागणारं सगळं एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, परमिशन 600 (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी), स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेट वजा ए देऊन ती फाइल टिंबाने वाचा, म्हणजे आतलं सगळं आपोआप एक्स्पोर्ट होतं. फाइलचा पाथ पूर्ण लिहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे व्हेरिएबल नसेल तर काम होऊच शकत नाही ते आधी तपासा. डॉलर, मग महिरपी कंसात नाव, कोलन, प्रश्नचिन्ह आणि तुमचा मेसेज. व्हेरिएबल नसलं किंवा रिकामं असलं तर स्क्रिप्ट मेसेज देऊन जागीच थांबते. सेट वजा यू पण चांगलं आहे पण ते फक्त नसलेलं पकडतं, रिकामं सोडून देतं, आणि खरा घात रिकाम्यानेच होतो. 2015 च्या जानेवारीत लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टचं प्रकरण गाजलं होतं बघा, त्यात स्टीमच्या फोल्डरचं व्हेरिएबल, पुढे स्लॅश आणि स्टार, असं सगळं डिलीट करायची ओळ होती, व्हेरिएबल रिकामं निघालं आणि उरला नुसता स्लॅश-स्टार, एका माणसाच्या घरच्या फाइली आणि जोडलेल्या बाहेरच्या ड्राइव्हवरचा बॅकअपसुद्धा गेला. जुने बॅकअप साफ करणारी तुमची ओळ अशीच असते, ती आजच्या आज उघडून बघा.

क्रॉनला नक्की काय दिसतंय ते बघायला क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, ओळ टाकून दर मिनिटाला नुसती एनव्ह कमांड (सगळी एक्स्पोर्ट केलेली व्हेरिएबल दाखवणारी) चालवून आउटपुट टेम्पमधल्या फाइलमध्ये टाका, टर्मिनलवरच्या एनव्हशी ताडून बघा, आणि मग ती ओळ क्रॉनटॅबमधून काढून टाका. तरी अडलंच तर दोन्ही आउटपुट मला पाठवा, पण आधी त्यातला पासवर्ड खोडा.