बागेत नेपाळी का ठेवता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नात, बँकेत, ग्रामसभेत प्रश्न एकच: 'गावची पोरं सोडून बागेत नेपाळी कशाला?'

कुठली पोरं? आमच्या वाडीतली मुंबईला आहेत, जहाजावर आहेत. माझा धाकटा भाऊ कुवेतला आहे. हापूसची बाग दिवाळीपासून पावसापर्यंत माणूस मागते. फवारण्या, मोहोराची राखण, वानर हाकणं, मग तोडणी. त्यासाठी रात्री मांगरातच, म्हणजे बागेतल्या खोपटातच राहावं लागतं. गावचा गडी संध्याकाळी घरी जातो आणि त्याने जावंच, त्याला इथे घर आहे. नेपाळ्याचं घर पश्चिम नेपाळातल्या अछाममध्ये, उत्तराखंडातली बनबसाची सीमा ओलांडल्यावरही पुढे डोंगरात कितीतरी आत. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथे यायला व्हिसा लागत नाही, एवढंच. बाकी भावाची आणि त्याची गोष्ट एकच.

पूर्वी मीही म्हणायचे की हे लोक पैसा बाहेर नेतात. ते म्हणताना मी बसलेली असायचे कुवेतच्या पैशावर पडलेल्या स्लॅबखाली.

2020 चा एप्रिल. टाळेबंदी होती, नेपाळनेही सीमा बंद केली होती. ऐन तोडणीत आमच्या मेटला, म्हणजे नेपाळी टोळीच्या मुकादमाला फोन आला, आई गेली. तिचा एक मुलगा इथे, दुसरा पुण्यात वॉचमन, तिसरा कतारला. तिरडीला खांदा द्यायला त्यांच्या गावात पुरुष पुरेनात, पलीकडच्या गावातून बोलवावे लागले. हे मला त्यानेच सांगितलं, अगदी सपाट आवाजात. मग त्याने डोकं भादरलं, पांढरं वस्त्र गुंडाळलं आणि मांगराच्या पडवीत वेगळा बसला. तेरा दिवस एकवेळ, स्वतः शिजवलेलं अळणी. शेजारच्या बागांतले त्याचे गाववाले नाकाबंदीमुळे येऊ शकले नाहीत. मंत्र सांगायला एक जण फोनवर होता, तो मध्येच कट व्हायचा.

त्याच आठवड्यात गावातली चार माणसं बेड्याशी, बागेच्या फाटकाशी आली. नेपाळ्यांना शाळेत नेऊन ठेवा, रोग पसरेल म्हणाली. दिवाळीपासून बागेबाहेर न गेलेल्या माणसांना! मी बेडं उघडलं नाही. आत तो सुतकात बसलाय, हे सांगितल्यावर एक जण म्हणाला, 'त्यांच्यात पण पाळतात काय?' त्या प्रश्नाचा राग अजून गेलेला नाही. त्या दिवसांत भाऊ कुवेतच्या खोलीत कोंडलेला होता आणि आई मला विचारत होती, माझं काही झालं तर तो पोचेल का गो?

आता तुमचं खरं ते मान्य करते. आमच्या पॅकिंगच्या बायका पेट्या भरतात, त्यांची मजुरी वर्षानुवर्षं रखडली. नेपाळी टोळी कमी पैशात जादा तास करते, म्हणून आम्ही बागायतदार निवांत राहतो. यंदा बायकांनी मागितली तेवढी दिली. नेपाळी नसते तर आधीच द्यावी लागली असती का? बहुतेक हो. पण मग बागही राहिली असती का, हे मला ठरवता येत नाही. आणि गावात चोरी झाली की पहिल्यांदा माझ्याच मांगराकडे बोट दाखवता, ते मात्र मी ऐकून घेणार नाही.

मेट दरवर्षी गावी दसरा-तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, करून परत येतो. त्याचा मुलगा आता सोळाचा आहे, पुढच्या हंगामाला त्याला आणू का, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, शाळा पुरी करू दे. तो म्हणाला, 'दीदी, शाळेनंतर तो कतारला जाईल.'